ओट्याची उंची

"मॅडम, हॉलला कोणता रंग द्यायचा?" घराच्या इंटिरियरचं काम आलं की पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. मी मात्र आधी विचारते, स्वयंपाक कोण करतं?

गवंडी सवयीने ३३-३४ इंचांवर ओटा बांधतो. पाच फूट उंचीच्या बाईला तो बरोबर बसतो. पण मागच्या वर्षी वाकडच्या एका घरात स्वयंपाक करणारे काका होते, चांगले साडेपाच फुटांच्या वर. जुन्या घरात कणीक मळून त्यांची कंबर गेलेली. मी त्यांना उभं केलं, कोपरापर्यंतची उंची मोजली आणि त्यातून साडेचार इंच वजा केले. ओटा ३६ इंचांच्या वर गेला. शेगडीची बाजू जरा खाली घेतली, कारण शेगडी आणि तिच्यावरची कढई मिळून हात आणखी उचलावा लागतो.

याच घरात स्वयंपाकघराची भिंत पाडायची होती. कंत्राटदार म्हणाला, दोन दिवसांचं काम. पण इमारत मिवानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून उभी केलेली. तिथे भिंतीच वरच्या मजल्यांचा भार पेलतात. वायरिंगसाठी झिरी मारायलासुद्धा मी देत नाही, पाडणं तर दूरच. काम हातचं गेलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. शेवटी ओटा वळवून घेतला. आता पोळ्या लाटताना काकांना हॉलमधली माणसं दिसतात.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की ४८ तास पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्यांच्या घरी जाऊन छत बघायचं, हेही आमचंच काम. टाइल्स त्यानंतर.

म्हणूनच "फर्निचर आमच्याकडून करा, डिझाइन फुकट" ही जाहिरात दिसली की मला मनापासून वाईट वाटतं. ज्याची कमाई प्लायच्या ८ बाय ४ च्या शीटवर आहे, तो तुम्हाला एक कपाट कमी करा असं का सांगेल? ड्रॉइंगचे पैसे वेगळे द्या. घर घासाघीस करून घ्या, पण ड्रॉइंगवर दोन महिने घालवा. मिक्सरचा पॉइंट कुठे, आजींना रात्री उठल्यावर हात टेकायला काय आहे, हे कागदावर खोडता येतं. भिंतीत गेलं की फोडावं लागतं.

त्या काकांच्या हॉलचा रंग सगळ्यात शेवटी ठरला. एका रविवारी, त्यांच्याच हातचा चहा पिताना.