‘संस्थानी मुजरा’? : लिश्टनस्टाइनच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधे वसलेल्या चिमुकल्या लिश्टनस्टाइनवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाची लांबलचक आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात अशी : हा देश नव्हे, खेळणं आहे, एका दिवसात पाहून होतो. स्वतःचं काही नाही. चलन स्विस, भाषा जर्मन, आगगाडी ऑस्ट्रियाची, राष्ट्रगीताची चाल इंग्लंडची, जेवण शेजाऱ्यांचं. पैसा काळा. आणि लोकांनी केलेला कायदा जो राजा केराच्या टोपलीत टाकू शकतो, त्याच्या राज्याला लोकशाही म्हणून वाखाणणं म्हणजे ‘संस्थानी मुजरा’ आहे.

टोपणनावावरून तुम्ही दादा की ताई ते कळत नाही, तेव्हा नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. मुजऱ्याचा टोला झकास आहे. पण नेम चुकलाय.

जेवण सोडलं तर उसनवारीची यादी सगळी खरी आहे, बाकी एकही नोंद खोडत नाही. फक्त ती का झाली तेही बघा. 160 चौरस किलोमीटरचा देश, म्हणजे मुंबईच्या पाव भागाएवढा. पश्चिमेला ऱ्हाईन, पूर्वेला आल्प्स, मधे जेमतेम पंचवीस किलोमीटर लांबीची पट्टी. 1852 पासून त्यांनी ऑस्ट्रियाशी जकात-करार केला होता आणि चलनही तिथलंच होतं. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचं क्रोन कोसळलं आणि इथल्या शेतकऱ्यांची आयुष्यभराची पुंजी मातीमोल झाली. मग 1923 मध्ये स्वित्झर्लंडशी करार केला आणि पुढच्या वर्षापासून स्विस फ्रँक आला. सैन्य तर 1868 मध्येच बंद केलं होतं, कारण परवडत नव्हतं. याला खेळणं म्हणायचं तर म्हणा. मला तो अंथरूण पाहून पाय पसरणारा संसार वाटतो.

जेवणाच्या बाबतीत मात्र ऐकून घेणार नाही. केझक्न्योफ्ले हा तिथला चीजचा पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणि ऑस्ट्रियाच्या फोरार्लबर्गमध्येही करतात, मान्य. पण म्हणून ते उसनं कसं? ते ऱ्हाईनच्या खोऱ्याचं जेवण आहे, आणि खोरं तिघांचंही आहे. मैदा, अंडी आणि पाणी यांचं पळीवाढं पीठ घोटायचं, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भोकांची पट्टी धरायची आणि तिच्यावर पिठाची छोटी पेटी मागेपुढे सरकवायची. बुंदीच्या झाऱ्यातून पडावेत तसे पिठाचे थेंब टपाटप पाण्यात पडतात आणि शिजले की वर येतात. ते झाऱ्याने उपसून वाडग्यात एक थर, त्यावर किसलेलं चीज, पुन्हा थर, पुन्हा चीज. त्यात थोडं तरी आंबूस चीज हवंच. त्याचा वास पहिल्यांदा नाकात गेला की माणूस खुर्ची मागे सरकवतो. वर लालसर तळलेला कांदा, आणि शेजारी सफरचंदाचा गोड गर. हा गर मला सुरुवातीला विचित्र वाटायचा, आता त्याच्याशिवाय घास उतरत नाही.

दुसरा पदार्थ रिबेल. मक्याचा रवा दूध-पाण्यात शिजवून ठेवायचा आणि मग लोण्यावर मोकळा होईपर्यंत परतत राहायचा. हे गरिबाचं खाणं. दक्षिणेकडून डोंगर ओलांडून येणारा फ्योन नावाचा उबदार वारा या खोऱ्यात मका आणि द्राक्षं पिकवतो, म्हणून आल्प्सच्या कुशीत मक्याचं जेवण.

आणि ‘स्वतःचं काही नाही’ म्हणता, तर सप्टेंबरमध्ये डोंगरावरच्या कुरणांतून गुरं उतरतात तेव्हा बघा. सजवलेल्या गुरांची मिरवणूक आल्प्समध्ये सगळीकडे असते. इथे मात्र उन्हाळ्यात सगळ्यात जास्त दूध दिलेल्या गाईच्या कपाळावर लाकडी हृदय बांधतात. नंतर ते गोठ्याच्या दारावर ठोकलेलं दिसतं.

काळ्या पैशाबद्दल थोडक्यात, कारण तिथे तुमच्याशी भांडण नाही. राजघराण्याच्याच मालकीच्या बँकेतली चोरीला गेलेली खातेदारांची माहिती जर्मन गुप्तहेर खात्याने पैसे मोजून घेतली आणि 2008 मध्ये युरोपभर बोभाटा झाला. पुढच्या वर्षी माहितीच्या देवाणघेवाणीचे आंतरराष्ट्रीय नियम मानणं भाग पडलं. पण देश फक्त बँकेवर चालतो हा समज चुकीचा आहे. तुमच्या इमारतीत भिंत फोडायला जे लाल हिल्टी मशीन येतं, त्या कंपनीचं मुख्यालय शान या गावी आहे. कृत्रिम दातांचं साहित्य जगभर पुरवणारी इव्होक्लारही तिथलीच.

आता राजा. लिश्टनस्टाइन घराणं मुळात व्हिएन्नाचं. पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत आसन मिळावं म्हणून त्यांनी 1699 मध्ये शेलनबर्ग आणि 1712 मध्ये फाडुट्स हे मुलूख चक्क विकत घेतले. गादीवरच्या राजाचे पाय या मातीला लागले ते थेट 1842 मध्ये, आणि राजा इथे राहायला आला 1938 मध्ये. 2003 मध्ये हान्स-आडाम दुसरे यांनी राज्यघटना बदलून स्वतःचे अधिकार वाढवून मागितले. नाही दिलेत तर चाललो व्हिएन्नाला, असंही ऐकवलं. ही सरळ धमकी होती. युरोपीय परिषदेच्या घटनातज्ज्ञांनीही कान उपटले होते. तरी 64 टक्के लोकांनी होकार दिला.

त्याच घटनेत दोन कलमं आहेत, जी तुम्ही विसरलात. 1,500 नागरिकांनी सह्या केल्या तर राजेशाहीच रद्द करण्याची प्रक्रिया सुरू होते. आणि देशातल्या अकरा गावांपैकी कुठल्याही गावाला बहुमताने देशातून फुटून निघता येतं. आपल्या कुठल्या संस्थानिकाने असं लिहून दिलं होतं?

तरीही व्हेटो, म्हणजे लोकांनी केलेला कायदा नाकारण्याचा राजाचा अधिकार, मला खुपतो, आणि तुमच्यापेक्षा जास्त खुपतो. 2011 मध्ये गर्भपाताला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर मतदान होतं. युवराज आलोइस (2004 पासून कारभार तेच पाहतात) यांनी आधीच जाहीर करून टाकलं की मी सही करणार नाही. प्रस्ताव थोडक्या मतांनी पडला. व्हेटो वापरायची वेळच आली नाही, म्हणजे तो न वापरताच चालला. त्यावर चिडून काही जणांनी 2012 मध्ये व्हेटोला लगाम घालणारा प्रस्ताव आणला, तर 76 टक्क्यांनी तो झिडकारला. लोक भोळे म्हणून नव्हे. जिथे मंत्री कुणाचा तरी मेहुणा आणि न्यायाधीश कुणाचा तरी शाळासोबती असतो, तिथे कुणाचाच नातेवाईक नसलेला एक माणूस वर असलेला त्यांना परवडतो. हा व्यवहार आहे, आणि तो त्यांनी डोळे उघडे ठेवून केलाय.

म्हणून म्हणते, लोकशाहीत खोट काढायची तर राजवाड्याकडे बोट दाखवू नका. ‘लोक’ कोण, ते आधी विचारा. ज्या 1971 मध्ये आपल्याकडे एका बाईने पंतप्रधान म्हणून संस्थानिकांचे तनखे बंद केले, त्याच वर्षी इथल्या पुरुषांनी बायकांना मताचा अधिकार नाकारला. 1973 मध्ये पुन्हा नाकारला. मिळाला 1984 मध्ये, तोही जेमतेम 51 टक्क्यांनी. यात राजाने आडकाठी केली नव्हती, मतदारांनीच केली.

आजही तेच. सुमारे 40,000 लोकवस्ती, आणि नोकऱ्या तितक्याच किंवा थोड्या जास्त. कामगारांपैकी निम्म्याहून अधिक संध्याकाळी ऱ्हाईन किंवा ऑस्ट्रियाची सीमा ओलांडून घरी जातात, कारण राहण्याचा परवाना मिळत नाही. युरोपीय नोकरदारांना वर्षाला मोजके परवाने देतात आणि त्यातले निदान अर्धे चक्क सोडत काढून. परवाना मिळून तिथे राहणारे परदेशी सुमारे एक तृतीयांश, त्यांना मत नाही. दहा वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, पण द्यायचं की नाही ते गावकरी मतपेटीतून ठरवतात. आणि ते मिळालं तर जुनं नागरिकत्व सोडावं लागतं. 2020 मध्ये ही अट काढायचा प्रस्ताव आला होता, तोही मतदारांनी पाडला. तीस वर्षं काढलीत तर मतदानाशिवाय मिळतं खरं, पण तोवर माणूस निवृत्तीला आलेला असतो.

यावर पुढचा लेख लिहीनच, तेव्हा या भांडायला. आणि ‘एका दिवसात पाहून होतो’ म्हणता, तर तो दिवस 15 ऑगस्टचा निवडा. त्यांचाही राष्ट्रीय दिन तोच. एरवी राजवाडा बंद असतो, त्या दिवशी भाषणांनंतर लोकांना राजवाड्याच्या बागेत बिअर मिळते. झुरिकहून आगगाडीने झारगान्सला उतरा, पुढे बस आहे. शेंगेन व्हिसा चालतो.