मिश्रीच्या मेसेजबद्दल खुलासा (चूक माझीच)

मंडळी, रविवारी आपल्या रंकाळ्याच्या वॉकिंग ग्रुपवर तो मेसेज मीच टाकलेला, साठीनंतर ब्रश सोडा, मिश्री लावा, हिरड्या घट्ट होतात आणि वरची दाढ काढली तर नजर जाते म्हणून. दोन्ही चूक आहे. नीट न वाचता पुढं ढकलला, माफ करा.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की ओ. लावल्यावर ठणका जरा दबतो म्हणून बरं वाटतं, पण हिरड्या खराब होतात आणि तोंडाचा कॅन्सरसुद्धा होऊ शकतो. आमच्या आत्तींची सुटेना, शेवटी तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर लावून दिला, फुकट आहे.

नजरेचं म्हणाल तर डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी, दातांच्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. दाढा पडायचं आणि मोतीबिंदूचं वय एकच, म्हणून लोक जोडतात.

मऊ ब्रश, फ्लोराईडची पेस्ट, रात्री कवळी काढून पाण्यात. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर दुखत नसली तरी दाखवा.

जुना मेसेज डिलीट करा, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.