पार्किन्सन्स आणि घड्याळातली पावले

पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांच्या घरांत सध्या एक संदेश फिरतो आहे: मनगटावरचे घड्याळ रोजची पावले मोजते, पावले वाढली की आजार आटोक्यात आला समजावे, १०,००० चे उद्दिष्ट ठेवावे, आणि दवाखान्यातल्या प्रश्नावल्या आता कालबाह्य झाल्या आहेत. हेतू चांगला असेल; विधाने मात्र टिकत नाहीत.

मनगटावरचे घड्याळ पाऊल पाहत नाही, ते हाताच्या हालचालीवरून पावलाचा अंदाज बांधते. पार्किन्सन्समध्ये तर चालताना हाताचा झोका कमी होणे, आणि तेही बहुधा एका बाजूला आधी, हे सुरुवातीचेच लक्षण आहे. वॉकरच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून व्हरांड्यात चार फेऱ्या घातल्या तर त्यांतल्या बऱ्याच पावलांची नोंदच होत नाही. उलट औषधामुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचालींत हात हलत राहिला, तर खुर्चीत बसल्याबसल्या पावले जमा होऊ शकतात. २०१९ ते २०२४ या काळात चाललेल्या ‘मोबिलाइज-डी’ या चालणे मोजण्याच्या युरोपीय प्रकल्पात संवेदक (सेन्सर) कमरेवर बांधला गेला आणि भर चालण्याच्या वेगावर राहिला, तो उगाच नव्हे.

‘पावले वाढली की आजार आटोक्यात’ या विधानात गणितच उलटे होऊ शकते, कारण या आजारात पाऊल आखूड होत जाते. स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंतचे सहा मीटर ६० सेंटिमीटरच्या पावलांनी दहा पावलांत संपतात, ३० सेंटिमीटरच्या घसटत्या पावलांना वीस लागतात. अंतर तेवढेच, आकडा दुप्पट. शिवाय दिवसाची बेरीज वेळ लपवते. लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाची गोळी लागू पडल्यावर अंगणात सहज फिरणारे आजोबा पुढच्या गोळीआधी उंबरठ्याशी येऊन खिळतात आणि फरशीवर चिकटवलेल्या रंगीत पट्टीवर नजर रोखून कसाबसा पाय उचलतात. अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंदवही रुग्णाकडून भरून घेतात ती हा फरक दिसावा म्हणूनच.

१०,००० बद्दल फार बोलायला नको. १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’, या उपकरणाच्या नावाने तो आकडा रूढ झाला. पार्किन्सन्सशी त्याचा संबंध नाही.

प्रश्नावल्या मोडीत काढणे मात्र मला सर्वांत घातक वाटते. घरी उंबरठ्यात खिळणारा पाय डॉक्टरांसमोर अनेकदा सुरळीत चालतो, त्यामुळे पार्किन्सन्सची तीव्रता मोजणाऱ्या यूपीडीआरएस या मापनश्रेणीच्या २००८ च्या सुधारित आवृत्तीत डॉक्टरांच्या तपासणीबरोबरच रोजचे चालणे आणि पाय खिळणे याबद्दल रुग्णालाही विचारले जाते. अमेरिकेत वृद्धांसाठी तयार झालेली ‘लाइफ-स्पेस असेसमेंट’ ही प्रश्नावली तर पावलांची चौकशीच करत नाही; गेल्या चार आठवड्यांत माणूस कुठवर गेला, किती वेळा आणि कुणाच्या मदतीने, एवढेच ती विचारते. घरातल्या खोल्यांपासून गावाबाहेरपर्यंत पाच पातळ्या आणि ० ते १२० गुण, अशी तिची मांडणी आहे. समजा, दोघे जण रोज कुणाच्याही मदतीशिवाय घरात आणि व्हरांड्यात फिरतात. त्यांचे प्रत्येकी २४ गुण होतात. त्यांपैकी एक जण रोज मुलीचा हात धरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो आणि आठवड्यातून दोनदा तिच्याच आधाराने रिक्षाने शहरातल्या मंडईत जातो, तेव्हा त्याचे गुण ४४ होतात. घड्याळात मात्र दिवसभर घरातच येरझाऱ्या घालणाऱ्याची पावले त्याच्याहून जास्त भरू शकतात.