दुपारी दोन ते चार

कायद्याच्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे क्लॅटची, वेळ ज्यांनी दुपारी दोन ते चार ठरवली, त्यांनी गोव्यात रविवारचं जेवण केलेलं नसणार. या दोन तासांत आमच्या फोंड्यात दुकानांची शटरं खाली असतात, आणि रविवार म्हणजे पानात इसवणाचं हुमण, तळलेला बांगडा नि वर सोलकढी. एवढं पोटात गेल्यावर माणसाला फक्त उशी दिसते. नेमक्या त्याच वेळी माझ्या पुतणीने ठरवायचं, की खालीलपैकी कोणत्या विधानामुळे लेखकाचा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत होतो. आणि तिला डुलकी लागू नये म्हणून समोर घड्याळ घेऊन बसायचं मी. का, तर घरात बिनकामाचा काका मी एकटाच.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशाची ही परीक्षा. पूर्वी दोन तासांत 150 प्रश्न असायचे. 2023च्या डिसेंबरपासून 120 केले. (त्या वर्षी परीक्षा आली 3 तारखेला, म्हणजे जुन्या गोव्यातल्या चर्चच्या जत्रेच्या, फेस्ताच्याच दिवशी. त्या गर्दीतून वेळेवर केंद्र गाठलं त्यांना दोन गुण वाढवूनच द्यायला हवे होते.) "मिनिटाला एक प्रश्न, मग काय कठीण?" असं वहिनी म्हणाल्या. पण मधे साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे असतात, ते वाचायला वेगळा वेळ कोणी देत नाही. लॉजिकल रीझनिंगचे, म्हणजे तर्काचे, प्रश्न 22 ते 26, उत्तर चुकलं की वर पाव गुण जातो.

पोरीची बुद्धी तल्लख आहे, खोट आमच्या घराण्यात आहे. घराच्या जागेवरून आमची भाटकाराशी, म्हणजे जमीनमालकाशी, केस आजोबांच्या काळापासून चाललीय, त्यामुळे समोरच्याचं म्हणणं अर्धवट ठेवून उठायचं असतं हे आमच्याकडे कोणाला माहीतच नाही. पुतणी उताऱ्याशी भांडत बसायची. पहिल्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, शेवटच्या दोन उताऱ्यांपर्यंत ती पोचलीच नाही.

एक उतारा तर घरभर गाजला. कुठल्याशा शहराने बाजारात गाड्या बंद केल्या, पुढच्या महिन्यात दुकानांची विक्री वाढली, म्हणून गाडीबंदी धंद्याला चांगली, असा त्यातला दावा. प्रश्न: हा दावा कशाने कमकुवत होईल?

"पण काका, गाड्या मग लावल्या कुठे?" तिने विचारलं.

रास्त प्रश्न होता. आम्ही दोघांनी त्यावर चांगली चार मिनिटं घालवली. वहिनींना मासळीची टोपली कोण उचलून आणणार याची काळजी. आतल्या खोलीतून आई आडव्या-आडव्याच ओरडली, "गणपतीची चवथ आली असेल! माटोळीच्या बाजाराला विक्री वाढायचीच, त्यात गाड्यांचा काय संबंध?"

पर्याय 'क' : त्याच महिन्यात शहरातला मोठा सण होता. बरोबर उत्तर तेच. आईने उतारा वाचलासुद्धा नव्हता.

मग माझ्या ध्यानात आलं, की युक्तिवाद कितीही सजवलेला असला तरी त्याचा सांधा एकाच जागी असतो, आणि आपण बघायचं ते तेवढ्याच जागी. 'यामुळे ते झालं' असं कोणी म्हटलं की दुसरं कारण शोधायचं. गृहीतक विचारलं तर पर्याय उलटा करून पाहायचा: 'त्या महिन्यात विक्री वाढायला दुसरं कारण नव्हतं' याचं 'होतं' केलं की दावा कोसळतो, म्हणजे गृहीतक तेच. आधी प्रश्नावर नजर टाकायची, मग उतारा वाचताना 'देअरफोर', 'हाउएव्हर' दिसलं की पेन्सिलीची खूण. 'ऑल', 'ओन्ली', 'नेव्हर' असल्या छातीठोक शब्दांच्या पर्यायांकडे, माझ्या मते, भाटकाराच्या वकिलाकडे बघतो तसंच बघावं.

सगळ्यात अवघड गेलं ते स्वतःचं ज्ञान बाजूला ठेवणं. एकदा लीगल रीझनिंगमध्ये समान नागरी कायद्यावरचा उतारा आला. 1867ची पोर्तुगीज नागरी संहिता आमच्या सोप्यावर रोजची. नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी कशी, हे आई भाजी निवडताना सांगते. पोरगी खुशीत आली आणि उताऱ्यात दिलेला नियम सोडून घरचा नियम लावून मोकळी झाली. पाव गुण गेला, वर तीन मिनिटं गेली ती निराळीच.

आता हिशेब ठरलाय. लॉजिकलच्या एका उताऱ्याला सहा मिनिटं, त्यात तो संपला नाही तर खूण करून पुढे. उत्तरपत्रिकेवरचे ओएमआरचे गोल शेवटी एकदम रंगवायचे नाहीत, उतारा झाला की तिथल्या तिथे. साडेतीनच्या सुमारास पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, तोवर लॉजिकल हातावेगळं झालेलं असलं पाहिजे. परवा भोंगा वाजला तेव्हा ती गणितात शिरली होती. मी गॅलरीतून त्याच्याकडच्या पोळ्यो, म्हणजे पाव, घेऊन आलो तरी तिने मान वर केली नाही.

मला मात्र पुढे सरकायला जमत नाही. त्या शहरात गाड्या लावल्या कुठे, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.