तीन वाट्या, एक नेवरी आणि पाऊणकी

पोस्ट लांब होणार आहे. चवथीचं जेवण अजून पोटात आहे, ऑफिस सोमवारी आहे, तेव्हा ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल पुढे जा.

आमचं मूळ घर गोव्यात फोंडा तालुक्यात, झुआरी नदीच्या बाजूला, खाजनाला, म्हणजे बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या शेतजमिनीला, लागून. वर्षभर कुलूप असतं आणि चवथीला मात्र तीसेक माणसं गोळा होतात, कोण पणजीहून, कोण बेंगळूरूहून, कोण नुसताच जेवायला. आरत्या झाल्या की सोप्यावर गप्पा आणि गप्पा म्हणजे वाद. पूर्वी वाद जमिनीवरून व्हायचे, मग काही वर्षं मराठी-कोंकणीवरून, आता कोणीतरी मोबाईल काढतो आणि म्हणतो, हे सोडवून दाखवा, ९० टक्के लोक चुकतात. हे ९० टक्के कोणी मोजले देव जाणे.

यंदाचं होतं ८ ÷ २(२+२). वहिनी शाळेत गणित शिकवते, ती म्हणाली १६, विषय संपला. दादा इंजिनियर, तो म्हणाला १, कारण २(२+२) हे एकत्र धरायचं. झालं. पंधरा मिनिटांत सोप्याच्या दोन पार्ट्या, १६वाले खांबाकडे आणि १वाले दाराकडे, माझी आई बिचारी मधे चहाचा ट्रे घेऊन. मोबाईलवर १६ आलं, पुतणीच्या कॉलेजच्या कॅल्क्युलेटरवर १ आलं, मग तर पेटलंच.

आता मी काही गणितातला माणूस नाही, बीएस्सी फिजिक्स, तेही काठावर पास, आणि पोटापाण्याला इन्शुरन्स. पण मला एवढं कळतं की हे गणितच नाही. हे अंगणातल्या क्रिकेटसारखं आहे, एक टप्पा आऊट धरायचा की नाही ते खेळायच्या आधी ठरवायचं असतं, ठरवलं नाही आणि कॅच पकडल्यावर भांडायला लागलात तर त्यात न्यूटन आला तरी काय सांगणार? डावीकडून उजवीकडे सोडवत गेलात तर १६. कंसाला चिकटलेला आकडा आधी गुणायचा असं धरलं, आणि बरीच पुस्तकं तसं धरतात, तर १. दोन्ही नियम माणसांनीच केलेत. ते ÷ चिन्ह राहन नावाच्या एका स्विस माणसाने १६५९ साली भागाकारासाठी छापलं, आणि गंमत म्हणजे स्कँडिनेव्हियाकडच्या देशांत हेच चिन्ह कित्येक वर्षं वजाबाकीसाठी वापरात होतं. आंतरराष्ट्रीय मानकात तर सरळ सांगितलंय की हे चिन्ह वापरूच नका, आडवी रेघ मारा नाहीतर तिरकी. म्हणजे चूक सोडवणाऱ्याची नाहीच, चूक लिहिणाऱ्याची, त्याने एक कंस वाचवला आणि आमच्या घरात दोन तट पाडले. मी हे सांगितलं तर दोन्ही पार्ट्या माझ्यावरच उलटल्या, की तू कुणाच्या बाजूचा ते आधी सांग.

तर मला हेच म्हणायचंय खरं. आपण वाद घालतो ते घाला, माझं काही म्हणणं नाही, उलट मला आवडतं, पण प्रश्न कुठल्या जातीचा आहे ते कोणी बघतच नाही. काही प्रश्न ठरवायचे असतात, काही सिद्ध करायचे असतात आणि काहींसाठी चप्पल घालून बाहेर जाऊन बघावं लागतं. आणि आपण तिन्हीला एकच हत्यार वापरतो, आवाज. नाहीतर मग कुणाचं तरी नाव. "नासाने सांगितलंय." कुठे सांगितलंय, कधी सांगितलंय, विचारायचं नाही.

नावावरून आठवलं. आपले दामोदर कोसंबी, म्हणजे डी. डी. कोसंबी, १९०७ साली आपल्या गोव्यातच जन्मले, लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात पण माणूस मूळचा गणिती, जनुकांमधली अंतरं मोजायचं त्यांचं १९४४ चं सूत्र आजही त्यांच्याच नावाने चालतं. हे तरुणपणी अलीगढला होते तेव्हा तिथल्या एका अतिशहाण्या सहकाऱ्याची जिरवायला आंद्रे वेल नावाच्या फ्रेंच गणितीने त्यांना एक उद्योग सुचवला. कोसंबींनी १९३१च्या सुमारास एक लेख छापला आणि त्यातलं प्रमेय कुणा बोरबाकी नावाच्या रशियनाचं म्हणून दडपून दिलं. असा रशियन कोणी नव्हताच! (पुढे फ्रान्समधल्या गणितींनी तेच नाव घेऊन अख्खी पुस्तकांची मालिका काढली, पण ते सोडा.) मला ही गोष्ट भयंकर आवडते. मोठं नाव ऐकलं की समोरचा गप्प बसतो हे त्या काळीही माहीत होतं, आणि त्याची मस्करी करणारा माणूस गोंयकार होता.

बरं, परत सोप्यावर. १६ आणि १ चं भांडण थंड पडेना म्हणून मी विषय बदलायला दुसरा प्रश्न टाकला, तीन दारांचा. तीन दारं, एकामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, सूत्रधाराला माहीत असतं गाडी कुठे आहे, तो उरलेल्यांतलं एक बकरीचं दार उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलणार? बदलावं की नाही?

दादा म्हणाला काय फरक पडतो, दोनच दारं उरली, फिफ्टी-फिफ्टी. वहिनी पण म्हणाली फिफ्टी-फिफ्टी. संध्याकाळपासून पहिल्यांदा नवरा-बायकोचं एकमत झालं आणि दोघंही चुकले. पण त्यांना हसायचं कारण नाही. १९९० साली अमेरिकेत मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट या बाईंनी आपल्या सदरात बदला म्हणून उत्तर छापलं तर त्यांना दहा हजारांच्या आसपास पत्रं आली, त्यातली हजारेक पीएचडीवाल्यांची, बहुतेक सगळी तुम्ही चुकलात म्हणून, काही तर चक्क उद्धट. पॉल एर्डोश, ज्याने आयुष्यभर गणिताशिवाय दुसरं काही केलं नाही, त्यालाही पटेना, कॉम्प्युटरवर शेकडो वेळा खेळून दाखवलं तेव्हा तो नरमला.

आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, नेवऱ्या होत्या, म्हणजे आपल्या करंज्या. काकूने तीन स्टीलच्या वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली नेवरी. दादा वाटी निवडणार, काकू रिकामी वाटी उचलणार, दादा दर वेळी बदलणार. पुतणी पंचांगाच्या मागच्या पानावर रेघा मारायला बसली. ३० डाव झाले. त्यात काकूने दोनदा चुकून नेवरी असलेलीच वाटी उचलली, ते डाव रद्द करून परत खेळलो, आणि एक नेवरी मधेच कोणीतरी खाल्ली. शेवटी बदलून १९ वेळा नेवरी मिळाली, ११ वेळा नाही. हिशोबाने २० हव्या होत्या.

का २०, ते खरं म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पहिल्यांदा निवडताना तुमची वाटी बरोबर असायची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनात दोन वेळा तुम्ही चुकलेले असता, आणि चुकलेले असलात की काकूपुढे दुसरा मार्गच नाही, तिला उरलेली रिकामी वाटीच उचलावी लागते, म्हणजे नेवरी कुठे आहे हे ती तुम्हाला जवळपास सांगूनच टाकते. पण यात एक मेख आहे आणि ती दादाने पकडली, मानलं पाहिजे. तो म्हणाला, काकूला माहीतच नसेल आणि तिने आंधळेपणाने उचललेली वाटी नशिबाने रिकामी निघाली तर? तर मात्र फिफ्टी-फिफ्टीच! म्हणजे दादा एका वेगळ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होता. त्या हजारो पत्रांतलेही कितीतरी लोक असेच असणार असं आपलं माझं मत. वाट्या त्याच, नेवरी तीच, फक्त काकूला काय माहीत आहे त्याने उत्तर बदलतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप नव्हती लागली, खरंच.

तिसरा वाद खरा महत्त्वाचा, कारण त्यावर विसर्जन अडलं होतं. आमचा दीड दिवसाचा गणपती, मानशीच्या पलीकडे नदीत पोचवतो. ज्यांना मानस माहीत नाही त्यांच्यासाठी, खाजनाच्या बांधात लाकडी दारं असतात, भरती आली की नदीचं पाणी दाराला बाहेरून रेटतं आणि दार आपोआप बंद, शेतात खारं पाणी येत नाही, आणि ओहोटीला आतल्या पाण्याने दार आपोआप उघडं. ना मोटर, ना वायर. तर नदीला भरती असेल तर गणपती पायरीवरून अलगद पाण्यात जातो, नाहीतर गुडघाभर चिखलात उभे राहून मूर्ती खाली द्यावी लागते, गेल्या वर्षी चपला तिथेच राहिल्या.

मग भरती किती वाजता? दादा म्हणाला, सोपं आहे, चंद्र डोक्यावर असतो तेव्हा. पुतणी म्हणाली मग दिवसातून दोनदा का येते, चंद्र काय दोन आहेत? आणि काकू आतून ओरडली, आज चवथ, चंद्राकडे कोणी बघायचं नाही!

पोरीचा प्रश्न मात्र एक नंबर. चंद्र नुसतं पाणी ओढत असता तर फुगवटा एकाच बाजूला आला असता. पण चंद्राकडच्या बाजूच्या पाण्यावर ओढ जास्त, पृथ्वीच्या मधल्या भागावर त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर अजून कमी. म्हणजे अलीकडचं पाणी पृथ्वीच्या पुढे ओढलं जातं आणि पलीकडचं मागे राहतं, म्हणून दोन फुगवटे. फरकाचा खेळ आहे, ओढीचा नाही. सूर्यही हेच करतो पण चंद्राच्या निम्म्याहून थोडं कमी, आणि अमावास्या-पौर्णिमेला दोघांचं एकत्र येतं तेव्हा उधाण, अष्टमीला एकमेकांविरुद्ध तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती. वर किनारा, खाड्या, खोली यांनी वेळ मागेपुढे होते, म्हणून डोक्यावर चंद्र आला की भरती हे आपल्या नदीत चालत नाही. आणि आपल्याकडच्या दोन भरत्याही सारख्या नसतात, एक थोरली एक धाकली.

आबाकाका एवढा वेळ सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "उद्या पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती." परत सुपारी.

त्यांचा हिशोब असा की तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितके वाजता भरती. पाऊणकी! शाळेत पावकी-निमकी-पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेली ती शेवटची पिढी. मला राहवेना, मी कागद घेतला. चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत ३० तिथींत पूर्ण २४ तासांची फेरी मागे पडतो, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. काकांची पाऊण म्हणजे ४५. तीन मिनिटांची चूक, पंधराव्या तिथीपर्यंत ती पाऊण तासावर जाते, पण दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, परत एकपासून मोजायचं, चूक पुढे साचतच नाही. ४८ने तोंडी गुणत बसण्यापेक्षा पाऊणकी परवडली, ज्या कोणी हे बसवलं त्याला किती अचूक पाहिजे आणि किती नको हे बरोबर कळत होतं. माझ्या ४८च्या हिशोबाने पंचमीला आले चार. काका पावणेचार. दादाच्या अॅपवर मुरगाव बंदराची वेळ, ती नदीच्या आत कशी लावायची ते अॅपला माहीत नाही.

मग दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी, पुतणी आणि काका, तिघं छत्र्या घेऊन मानशीकडे. पोरीने बांबूच्या काठीवर दर बोटाला खडूने खूण केली आणि काठी पायरीजवळ रोवली. दार केव्हाच बंद झालेलं, बाहेरून पाणी चढलेलं, आत शेतात शांत. दर दहा मिनिटांनी ती आकडा मोबाईलमध्ये टिपत होती. साडेतीनपर्यंत पाणी भराभर चढलं आणि मग अडलं. चढतंय की उतरतंय काही कळेना, कधी लाट वर, कधी खाली. आम्ही पंधरा मिनिटांवरून रात्रभर वाद घातला आणि इथे पाणी अर्धा तास एकाच जागी बसलेलं, यातला नेमका भरतीचा क्षण कुठला, कसं सांगणार?

पोरगीच म्हणाली, मधलं बघायलाच नको. चढताना एका खुणेवर किती वाजता होतं आणि उतरताना परत त्याच खुणेवर किती वाजता आलं ते बघूया, दोघांच्या बरोबर मध्ये भरती. मी तिच्याकडे बघतच राहिलो. सातव्या खुणेवर चढताना ३.२० झाले होते. उतरताना पाणी त्याच खुणेवर आलं तेव्हा ४.५०.

"म्हणजे चार वाजून पाच मिनिटं," ती म्हणाली. "तुम्ही दोघेपण चुकलात."

काकांनी काठीकडे बघितलं, नदीकडे बघितलं. "बरें," ते म्हणाले, "आतां धांव आनी गणपती काडूंक सांग, ना जाल्यार चिखोल."