क्रूझला जाताय? आधी आतेभाऊ व्हा

क्रूझचं बुकिंग करण्याआधी तुम्ही दोघा पुरुषांनी आपलं नातं ठरवून घ्या. खरं नातं तुम्हाला ठाऊक आहेच. एका घरात राहता, गॅस एकाच्या नावावर आहे, वायफाय दुसऱ्याच्या, आणि भांडणं पंख्याच्या स्पीडवरून होतात, म्हणजे संसार रीतसर चालू आहे. मी म्हणतोय ते चारचौघांत सांगायचं नातं. ते घरूनच पक्कं करून निघा. भर समुद्रात सूप समोर आलेलं असताना एकाने ‘मित्र’ आणि दुसऱ्याने ‘भाऊ’ म्हटलं, की पुढे गोड पदार्थ येईपर्यंत खुलासेच करत बसावं लागतं.

सख्खे भाऊ म्हणू नका, पासपोर्टवर आडनावं वेगळी आहेत. चुलतभाऊही त्याच कारणाने बाद. उरतात आतेभाऊ-मामेभाऊ, आणि हे नातं जणू आपल्यासाठीच राखून ठेवलेलं आहे. आडनाव वेगळं, तोंडवळा वेगळा, तरी सुट्ट्या एकत्र घालवलेल्या. फक्त कोण आते आणि कोण मामे हे लिहून ठेवा, कारण मराठी माणूस नात्यापाशी थांबत नाही, आत्या कुठे दिली होती ते विचारतो. साताऱ्याला म्हणालात तर साताऱ्यात कुठे, यादोगोपाळ पेठेत का, कारण तिथे त्याचा साडू राहतो. त्यामुळे आत्या हयात नसलेली बरी. आणि एकाचं आडनाव कुलकर्णी, दुसऱ्याचं कांबळे किंवा शेख असेल, तर आत्याच्या वाटेला जाऊच नका. टेबलावरची मंडळी तुम्हा दोघांना एक वेळ पचवतील, पण आत्याने केलेलं लग्न त्यांना पचणार नाही.

नातं ठरलं की एजंटकडे चला. आपल्याकडच्या ग्रुप टूरवर एकट्या पुरुषाने नाव नोंदवलं तर त्याला ‘शेअरिंग’ मिळतं, म्हणजे असाच दुसरा एकटा पुरुष त्याच्या खोलीत घातला जातो. दोघांनी एकमेकांना जन्मात पाहिलेलं नसतं. एक घोरतो, दुसरा पहाटे चारला उठून कपालभाती करतो. दोघांच्या नशिबी एकच पलंग आला तरी कुणाला काही वाटत नाही, उलट पैसे वाचले म्हणून कौतुक होतं. तुमची अडचण एवढीच, की तुम्ही एकमेकांना ओळखता. ओळखीच्या दोन पुरुषांनी आपण होऊन डबल बेड मागितला की एजंट पेन खाली ठेवतो. ‘सर, ट्विन करून देतो ना, दोन वेगळे बेड, सेम रेट.’ त्याला तुमच्या पाठीची काळजी. तेव्हा तिथे वाद घालू नका. ट्विन तर ट्विन म्हणा, पावती घ्या आणि शक्यतो एकमेकांकडे न बघता जिना उतरा.

कारण जहाजावरचे दोन बेड मुळातच जोडायचे म्हणून केलेले असतात. केबिन आवरणारा स्टुअर्ड बहुधा फिलिपिन्सचा, इंडोनेशियाचा, नाहीतर आपला मडगावचा असतो. त्याला एकदा सांगितलं की तुम्ही जेवून परत येईपर्यंत मधलं स्टूल कोपऱ्यात गेलेलं असतं, दोन गाद्यांवर एक चादर ताणलेली असते आणि वर टॉवेलचा हत्ती बसवलेला असतो. त्याच्या डोळ्यांवर तुमचाच गॉगल. एजंटने आठवडाभर जपलेली संस्कृती अशी पाच मिनिटांत जाते. मधे एक फट राहते, तिच्यात रात्री मोबाईल पडतो. तक्रारीला एवढीच काय ती जागा आहे. भाड्याच्या बाबतीत तर जहाजवाले आपल्या आयांपेक्षाही उतावीळ असतात. केबिनचा दर दोन माणसं धरूनच काढलेला असतो आणि एकटं गेलं तर बहुतेक वेळा दुसऱ्याचेही बरेचसे पैसे भरावे लागतात. जोडीने या, एवढाच त्यांचा हट्ट. जोडीदार कोण हे ते विचारत नाहीत, कार्ड चालतं की नाही एवढंच बघतात.

मग येतो फॉर्म. विमा, व्हिसा, आणीबाणीत कुणाला कळवायचं, सगळीकडे ‘नातं’ असा एक रकाना असतो. इथे आतेभाऊ लिहू नका, कागदावर खोटं बोलणं हा गुन्हा आहे. इथे ‘फ्रेंड’ लिहायचं, ते खोटं बोलणं कायद्याला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आपल्याला गुन्हेगारांच्या यादीतून काढलं, आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं की लग्नाचं काय ते संसदेने बघावं. संसद बघेल तेव्हा बघेल. दरम्यान २०२४ साली केंद्र सरकारने मोठ्या मनाने तीन गोष्टी स्पष्ट केल्या. आपल्याला एका रेशनकार्डावर एक कुटुंब धरावं, बँकेत संयुक्त खातं काढायला आडकाठी नाही, आणि जवळचे नातेवाईक हजर नसतील तर जोडीदाराचा मृतदेह ताब्यात घेता यावा. म्हणजे तांदूळ एकत्र घ्या, पासबुक एकत्र भरा आणि शेवटी एकमेकांना न्यायला या. मधल्या काळात काय ते फ्रेंड म्हणून निभावून न्या. मोठ्या क्रूझ जहाजांवर छोटंसं शवागार असतं, तेव्हा ही तिसरी सवलत सुट्टीत अगदीच निरुपयोगी आहे असंही म्हणता येत नाही.

मार्ग कोणता घ्यावा? सगळं ठाणे-पुणे घेतं तोच घ्या, सिंगापूर, पेनांग, फुकेत. दोन देशांत फिरून पुन्हा सिंगापुरातच उतरायचं असतं, म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना हे बघून घ्या. बाकी या मार्गाची मजा अशी की चार-पाच दिवसांत तेच दोघं, त्याच चड्ड्यांत, तीन वेगवेगळ्या दर्जांचे नागरिक होऊन येतात.

इंग्रजांनी १८६० साली आपल्यासाठी दंड संहिता लिहिली, मग तिचीच नक्कल मलाया आणि सिंगापूरला नेली, आकड्यासकट. आपल्याकडे आता समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ उरलेलं नाही. नव्या न्याय संहितेत कलमंच ३५८ आहेत, तेव्हा कुणाला परत आणायचं झालं तरी जागा नाही. सिंगापूरने आपलं ३७७अ जानेवारी २०२३ पासून काढून टाकलं, आणि त्याच दमात लग्नाची व्याख्या कोर्टात कुणी उकरून काढू नये म्हणून राज्यघटना दुरुस्त केली. दार उघडलं, पण साखळी लावून. हे ठीकच आहे, तुम्ही तिथे बंदरावर इमिग्रेशनच्या रांगेतच असता.

पेनांगला मात्र जपून. मलेशियात तो जुना आकडा जसाच्या तसा आहे. वीस वर्षांपर्यंत कैद आणि वर फटके. जहाज जॉर्ज टाउनला अगदी गावाच्या उंबऱ्याशी लागतं, त्यामुळे टॅक्सीसुद्धा लागत नाही, चालतच कायद्यात शिरता येतं. गँगवे उतरल्यापासून परत चढेपर्यंत दोघांत एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवा. तिथलं चेंडोल प्रसिद्ध आहे. बर्फाच्या चुऱ्यावर नारळाचं दूध, गूळ आणि हिरव्या शेवयांसारखं काहीतरी. खा, पण वाट्या दोन मागवा. एका वाटीत दोन चमचे घातले म्हणून कुणाला पकडत नाहीत, हे मलाही कळतं. पण आपल्याच हाताला आपणच पहारा बसवण्याची जी सवय आपण इतकी वर्षं जोपासली, ती सुट्टीत मोडली तर पुन्हा लावायला किती त्रास.

फुकेतला मोठं जहाज सहसा पातोंगसमोर नांगर टाकून उभं राहतं आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतं. ज्यांना बोट लागते त्यांनी आधी अ‍ॅव्होमिन घ्यावी, आलेपाकाने भागत नाही. इथे मात्र हात धरून उतरलात तरी चालेल. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून दोन पुरुषांचं लग्न कायदेशीर आहे. कालच्या बंदरात वीस वर्षं आणि आजच्या बंदरात मंगलाष्टकं, असा हा प्रवास आहे आणि मधे फक्त एक रात्र आणि एक जादूचा प्रयोग. लगेच हुरळून जाऊन लग्नच उरकून घेऊ म्हणाल, तर परदेशी माणसाला त्यासाठी अविवाहित असल्याचा कागद आपल्याच दूतावासाकडून आणावा लागतो. भारत सरकारच्या लेखी आपल्याइतके पक्के अविवाहित दुसरे कुणी नसतील, पण दूतावास पडला बँकॉकला आणि जहाज सुटतं संध्याकाळी.

बाल्कनीची केबिन परवडत असेल तर घ्या, पण बाल्कनी ही समुद्र बघायची जागा आहे. कॅरिबियनमध्ये डॉमिनिका बेटाच्या धक्क्यावर २०१२ साली दोघा अमेरिकन पुरुषांना बाल्कनीतल्या वर्तनावरून जहाजावरून उतरवून अटक झाली होती. धक्क्यावरून सगळं दिसत होतं म्हणे. त्या बेटाचा कायदा २०२४ साली तिथल्या कोर्टाने मोडीत काढला, बाल्कन्या मात्र अजून तशाच उघड्या असतात. भर समुद्रात कायदा चालतो तो जहाजाच्या झेंड्याचा, आणि झेंडा कर वाचेल त्या देशाचा लावलेला असतो, बहामास, पनामा, माल्टा असा. माल्टाने २०१७ साली समलिंगी विवाह मान्य केला, आणि २०१८ च्या जानेवारीत माल्टाचा झेंडा लावलेल्या एका अमेरिकन कंपनीच्या जहाजावर दोन पुरुषांचं लग्न कप्तानाने लावलं. आपल्याला संसदेकडून जे मिळत नाही ते काहींना मालकाच्या करबचतीतून मिळालं. तेव्हा केबिनचा नंबर विचारण्याआधी झेंडा विचारा.

अमेरिकेतल्या मराठी जोडप्यांना हा सगळा खटाटोप नको असेल तर तिकडे अख्खं जहाजच भाड्याने घेणाऱ्या कंपन्या आहेत. अटलांटिस ही पुरुषांसाठी १९९१ पासून, ऑलिव्हिया बायकांसाठी त्याच्याही थोडी आधीपासून. तिथे आतेभाऊ लागत नाही. पण मी ही जहाजं सुचवणार नाही. एक तर हजारो लोकांत कुणालाच तुमच्याबद्दल कुतूहल नसतं, म्हणजे आपल्यासारख्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. दुसरं, एका संध्याकाळी सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे असतात आणि तुम्ही नेलेला सदरा-लेंगा बघून लोक तुम्हाला योग शिकवणारे समजतात. शिवाय अशा जहाजाला केमन बेटांनी १९९८ मध्ये बंदरात पाऊलच ठेवू दिलं नव्हतं. वेगवेगळे, चोरून, आतेभाऊ म्हणून गेला असतात तर उतरला असतात की नाही?

साध्या जहाजावरही आपली माणसं असतातच. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत बिंगो आणि झुंबा यांच्यामध्ये ‘फ्रेंड्स ऑफ डोरोथी’ अशी एक बारीक ओळ, म्हणजे आपल्या लोकांच्या भेटीचं सांकेतिक नाव, वर्षानुवर्षं छापली जायची, हल्ली बरेच जण सरळ नाव घालून छापतात. एखाद्या बारचा कोपरा, वेळ संध्याकाळची. जा जरूर, पण जाताना अंताक्षरीला चाललोय असं सांगून जा.

फोटोंचं थोडक्यात. कुटुंबाच्या ग्रुपवर एकेकट्याचेच टाका. डेकवर तो, डेकवर तुम्ही, बुफेत तो, बुफेत तुम्ही. मावशी विचारेल, एवढे छान फोटो कोण काढून देतं रे तिकडे? स्टुअर्ड म्हणून सांगा.

खरी परीक्षा जेवणाच्या टेबलावर असते. तुम्हाला सहाजणांच्या टेबलावर मुलुंडचे एक काका-काकू भेटतील, ते न भेटण्याची काही सोय नाही. पहिल्या रात्री ते आत्या विचारतील. दुसऱ्या रात्री पगार. तिसऱ्या रात्री काकूंनी आणलेला चिवडा फिरेल आणि काका एकदम खाजगी आवाजात म्हणतील, ‘लग्नाचं काय मग? दोघांचंही?’ तुम्ही पाणी प्याल. काका मोबाईल काढतील. त्यांच्या भाचीला एक धाकटी बहीण आहे, दोघी आयटीत, दोघी उंच. ‘सख्ख्या बहिणी आहेत. साडू झालात की आयुष्यभर असेच दोघं मिळून फिरा, कोण अडवतंय?’

नाही म्हणू नका, काकूंचा चिवडा अजून दोन दिवस पुरायचा आहे. बायोडेटा दोन्ही मागवून घ्या, फोटो मोठा करून बघा आणि मग खंत वाटल्यासारखं सांगा, की काका, पत्रिकेत मंगळ आहे, कडक. काका तुमच्या शेजारी बघतील. ‘आणि ह्याच्या?’ घाईघाईत तो म्हणेल, माझ्याही. काका क्षणभर थांबतील, काकूंकडे बघतील आणि टेबलावर थाप मारून म्हणतील, ‘दोघांनाही मंगळ? मग तुमचं तुमच्यातच जमतंय की!’ सगळं टेबल हसेल, वेटरसुद्धा. तुम्ही त्यांच्याहून मोठ्याने हसा आणि चिवडा पुढे सरकवा.