आमच्या मंदिरात बंदुकांचा विषय का निघत नाही?

2025 ची गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आली, बुधवारी. इथे ओरेगनमध्ये कसली सुट्टी! पहाटे पाचला उठून उकड काढली. पहिले अकरा मोदक वाफवून होतात न होतात तोच फोनवर बातमी आली. मिनियापोलिसच्या अनन्सिएशन चर्चमध्ये शाळेची मुलं मिस्साला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, बसली असताना बाहेरून खिडक्यांतून गोळ्या झाडल्या. दोन मुलं गेली. एक आठ वर्षांचं, एक दहा. जखमी कितीतरी. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता.

तिथले महापौर जेकब फ्रे त्या दिवशी चिडून म्हणाले, नुसतं ‘प्रार्थना करतो’ म्हणू नका, ही मुलं प्रार्थनाच करत होती. मी तेव्हा आरतीचं तबक लावत होते. मुलगी शाळेत निघाली होती. शाळेत गोळीबार झाला तर काय करायचं ते तिला पहिलीपासून पाठ आहे: दिवे बंद, दारापासून लांब, भिंतीला टेकून गप्प बसायचं. ती हे पाढे म्हटल्यासारखं सांगते.

संध्याकाळी आरतीला दीडशे माणसं जमली. या विषयावर कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही, हे आधीच कबूल करते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आमच्याच गावात, म्हणजे पोर्टलंडमध्ये, ऑगस्टाना लुथेरन चर्च आहे. तिथले पाद्री मार्क नटसन आणि त्यांच्याबरोबरचे ज्यू, मुस्लिम, ख्रिस्ती लोक यांनी 2018 मध्ये, फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर, बंदुकांवर निर्बंध आणण्यासाठी ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस ओरेगन’ नावाची चळवळ उभी केली. इथे पुरेशा मतदारांच्या सह्या जमल्या की कायद्याचा प्रस्ताव थेट लोकांच्या मतदानाला टाकता येतो. पहिला प्रयत्न फसला. प्रस्तावाच्या शब्दांवरून कोर्टबाजी झाली आणि सह्या गोळा करायची मुदतच संपत आली. पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. 2022 मध्ये पुन्हा घरोघर, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर कागद घेऊन उभे राहिले. हव्या होत्या 1,12,080 मतदारांच्या सह्या. मे महिन्यात टेक्सासमधल्या युवाल्डीत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या आणि स्वयंसेवकांची रीघ लागली. प्रस्ताव मतपत्रिकेवर गेला, मेझर (प्रस्ताव क्रमांक) 114 म्हणून, आणि नोव्हेंबरमध्ये निसटत्या बहुमताने पास झाला. जेमतेम 51 टक्केही नाहीत.

मागणी तरी काय होती? बंदूक घ्यायच्या आधी परवाना काढा, प्रशिक्षण घ्या, पार्श्वभूमीची तपासणी पूर्ण होऊ द्या, आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन नको. बस्स. आपल्याकडच्या माणसाला यात जगावेगळं काय वाटेल? माझ्या आजोळी, सिंधुदुर्गात, शेजारच्या काकांकडे माकडं-रानडुकरं हाकलायला ठासणीची बंदूक होती. शेतसंरक्षणाचा परवाना. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. काका कुरकुरायचे, पण त्यांचं स्वातंत्र्य हिरावलं असं काही त्यांना वाटलं नाही.

इथे मात्र ग्रामीण काउंट्यांनी, म्हणजे जिल्ह्यांनी, सपशेल नाही म्हटलं. काही शेरिफनी, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखांनी, तर ‘आम्ही राबवणार नाही’ असं जाहीर सांगितलं. हार्नी काउंटीच्या न्यायाधीशांनी कायदा रोखला, 2025 च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, मग प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. आणि हो, बंदुकीच्या बाजूनेही भक्तगण आहेतच. बंदूक बाळगणं हा देवदत्त हक्क आहे असं व्यासपीठावरून सांगणारी चर्च या देशात कमी नाहीत. धर्म म्हणजे एक बाजू, असं मी म्हणतच नाहीये.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हा विषय काढला तेव्हा तीन उत्तरं आली. पहिलं: मंदिरात राजकारण नको. पण याच मंदिराने सणाला पोलीस बंदोबस्त मागितला, दाराशी बंदूकधारी पहारेकरी ठेवला, ते राजकारण नव्हतं? भीती आपल्यालाही आहेच. 2012 मध्ये विस्कॉन्सिनच्या ओक क्रीकमधल्या गुरुद्वाऱ्यात त्या दिवशी सहा जण मारले गेले तेव्हा, मारणारा शीख कोण नि हिंदू कोण हे विचारत बसणार नाही, एवढं आपल्याला कळलं होतं.

दुसरं: आमच्या हातात ग्रीन कार्ड नाही, मत नाही, आम्ही काय करणार? सही करता येत नाही, खरंय. पण विधिमंडळाच्या समितीला लेखी म्हणणं कुणीही पाठवू शकतं. त्याला पासपोर्टचा रंग विचारत नाहीत.

तिसरं उत्तर मात्र मला खूप दिवस पुरलं. एक दादा म्हणाले, ‘आपल्या देवांच्या हातात शस्त्रं आहेत, आपण खंडेनवमीला शस्त्रपूजा करतो, आपण कसले बंदुकीविरुद्ध बोलणार?’ तेव्हा सुचलं नाही. नंतर आजी आठवली. खंडेनवमीला ती कोयता, विळी, कुऱ्हाड धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू-फुलं वाहायची. आणि पूजा उतरली की पहिलं काम, कोयता आणि कुऱ्हाड माळ्यावर. ‘पोरांच्या हाती लागेल,’ एवढंच म्हणायची. ओरेगनने 2021 मध्ये घरातली बंदूक कुलपात ठेवायचा कायदा केला, तो आजीला समजावून सांगावा लागला नसता.

कुलपाचं का बोलते, तर 2020 पासून या देशात 1 ते 19 वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. अपघाती गाड्या मागे पडल्या. आणि यातली बहुतेक मुलं शाळेतल्या गोळीबारात जात नाहीत. ती जातात रस्त्यावर, घरात, बाबांच्या कपाटातली बंदूक सापडून, किंवा एका वाईट रात्री स्वतःच्याच हाताने. अकरावी-बारावीतली आपली मुलं मार्कांच्या आणि कॉलेजच्या ताणाने कशी पिचतात, ते मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये आपण कुजबुजत बोलतोच ना? मग मंदिराच्या सूचनाफलकावर ‘घरात बंदूक असेल तर कुलूप लावा’ एवढी एक ओळ लावायला काय हरकत आहे? आपल्यातही घेतलेल्या आहेत लोकांनी, मला माहीत आहे.

मी मंदिराच्या समितीला तसं पत्र दिलंय. दीड महिना झाला, ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ चाललंय.

दरम्यान पुढच्या रविवारी एका चर्चच्या हॉलमध्ये याच विषयावर बैठक आहे, चारला. मी जाणार आहे, सोबत चिवड्याचा डबा नेतेय. बीव्हरटनहून गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.